खेळापुरती जागा

माझ्या नवऱ्याला लॉन्ड्रीतले सगळे 'केबी' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि त्याला त्याचा अभिमान आहे. केबी म्हणजे किलोबाइट, संगणकाच्या मेमरीचा बारीक तुकडा. आजकालच्या फोनमध्ये असे तुकडे किती असतात हे कुणी विचारतसुद्धा नाही. पण आमच्या वरच्या काचेच्या केबिनमध्ये जो म्हातारा संगणक बसलाय, त्याच्याकडे हे तुकडे मोजूनमापून आहेत. आणि माझा नवरा कित्येक वर्षं त्यातला एकेक तुकडा मोकळा करत बसलाय. कशासाठी? तर जुने गेम खेळायला! लग्नाच्या बायकोसाठी या माणसाने कपाटातला एक कप्पा कधी रिकामा केला नाही.

आमची लॉन्ड्री मोठी आहे. दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे झगे, सगळं इथे येतं. खाली हॉलमध्ये धुण्याची यंत्रं आणि पलीकडच्या भिंतीला ओळीने चार ड्रायर. ड्रायर म्हटल्यावर घरातलं ते बादलीएवढं यंत्र डोळ्यांपुढे आणू नका. आमच्या ड्रममध्ये माणूस वाकून आत शिरतो आणि शिरल्यावर आत बसूही शकतो. मी खाली, सुकलेल्या कपड्यांची मुकादम. नवरा वर. कुठला ड्रम कधी फिरायचा, किती तापायचा, कधी थांबायचा हे संगणक ठरवतो आणि नवरा संगणकाकडे बघत बसतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

एवढा जुना संगणक का ठेवलाय, असं प्रत्येक नवीन माणूस विचारतो. तर ड्रमना हुकूम देणारं जे कार्ड आहे ते फक्त त्याच जातीच्या संगणकात बसतं. मालकांनी नवीन आणायचं कधी मनावर घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर नवऱ्यानेही त्यांना घेऊ दिलं नाही. कारण त्याचे ते लाडके गेमही त्यावरच चालतात.

आता ती मेमरी. नवऱ्याने मला इतक्यांदा समजावलंय की झोपेतही सांगेन. त्या संगणकात मेमरी कितीही घाला, गेम येऊन बसतो तो पुढच्या एका लहान खोलीत. सहाशे चाळीस केबीची खोली. आणि तिथे आधीच कोण कोण ठाण मांडून बसलेलं असतं. माऊसचा प्रोग्राम, सीडीचा, प्रिंटरचा, अजून कुणाकुणाचा. संगणक सुरू झाला की एक यादी वाचतो आणि यादीतल्या एकेकाला आत बोलावतो. ज्याला गेम खेळायचाय त्याने त्या यादीत हात घालायचा. काहींना माळ्यावर चढवायचं, काहींना दारातूनच परत पाठवायचं. माझ्या नवऱ्याने माऊसला हाकललं, सीडीला हाकललं, प्रिंटरला माळ्यावर टाकलं. कधी चार केबी सुटले की जेवायला येताना चेहरा असा फुललेला, की लोकांना वाटावं याचा पगार वाढला.

त्या खोलीत अजून एक जण बसायचा. राखणदार. हा शब्द आमचा, लॉन्ड्रीतला.

ड्रमच्या दाराला एक खटका आहे. दार उघडलं की तो सुटतो. ड्रमशेजारी एक लाल बटण आहे, ते दाबलं की ड्रम बंद. चांगल्या यंत्रात या वायरी थेट विजेला जोडलेल्या असतात. आमच्याकडचं ते सगळं केव्हाच बिघडलं होतं, म्हणून एका हुशार मेकॅनिकने त्या वायरी उचलून संगणकात आणल्या. संगणकात कुठे? तर मागे जॉयस्टिक, म्हणजे गेम खेळायचा दांडा, लावायचं भोक असतं ना, त्यात. तिथे बटण दाबलेलं संगणकाला कळतं म्हणे. मग जॉयस्टिकचं बटण काय आणि दाराचा खटका काय, त्याला सारखंच! त्या भोकावर सतत डोळा ठेवणारा एक छोटासा प्रोग्राम त्याने लिहिला, तो राखणदार. दार उघडं दिसलं की तो ड्रमला हलू देत नाही. इतक्या वर्षांत त्याने कधी दगा दिला नाही, त्यामुळे आमच्याकडे रीतच पडली. ड्रममध्ये शिरायचं असेल तर दार उघडायचं नि शिरायचं. वर सांगायचं नाही, कुलूप लावायचं नाही, काही नाही. दार उघडं म्हणजे ड्रम मेला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली, ड्रम थांबले, सगळे मागच्या खोलीत डबे उघडून बसले आणि नवऱ्याचा पत्ता नाही. त्याचा डबा माझ्याकडे. माझा उजवा गुडघा कामातून गेलाय. तो लोखंडी जिना मी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढते आणि प्रत्येक पायरीला एक शिवी राखून ठेवते. वर पोचले तेव्हा द्यायला पुष्कळ साठलं होतं.

नवरा जॉयस्टिक धरून पडद्याला नाक लावून बसला होता.

"अरे ए केबी, डबा चालत येऊन तुझ्या तोंडात पडणार आहे का?"

"श्श! एकच जीव राहिलाय माझा." पडद्यावरची नजर हटेना. "बघ तरी काय चाललंय! होडीचा गेम! हा कधी चाललाच नव्हता गं. अकरा केबी कमी पडायचे. अकरा केबींसाठी वर्षभर रडत होतो."

पडद्यावर एक निळी नदी वरून खाली धावत होती. काळे खडक येत होते आणि त्यातून एक पांढरी होडी डावी-उजवीकडे सरकत होती. खडक चुकवायचे, बस. यासाठी वर्षभर रडणं!

मी डबा टेबलावर आपटला आणि काचेपाशी गेले. तिथून आख्खा हॉल दिसतो. हॉल रिकामा होता. पार दुसऱ्या टोकाला तीन नंबरच्या ड्रमचं दार सताड उघडं आणि त्यातून दोन पाय बाहेर आलेले, लाल मोजे घातलेले.

ती माझी नणंद. तिला सगळे टिल्लू म्हणतात. नवऱ्याची धाकटी बहीण. चण एवढीशी, म्हणून ड्रममध्ये उतरायचं काम कायम तिच्याकडे. सकाळी तीन नंबरच्या चादरींवर काळे डाग यायला लागले होते. कुणाचा तरी रबरी हातमोजा आत वितळून ड्रमला चिकटला होता. ड्रम अर्ध्यावर थांबवून चादरी काढल्या, तेव्हा टिल्लू म्हणाली होती की निवला की सुट्टीत खरवडते.

"जेवण सोडून आत शिरली बया," मी म्हटलं. "भाऊ तसा आणि बहीण तशी. दोघांनाही भूक लागत नाही."

"कोण गं?"

"टिल्लू. तीन नंबरमध्ये."

"असू दे की. दार उघडं आहे ना? राखणदार..."

आणि तो थांबला. हात चालू होता, होडी वळत होती, पण तोंड उघडं राहिलं ते राहिलंच. त्याचे वडील गेले तेव्हाही मी त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"काय झालं रे?"

"अकरा केबी," तो म्हणाला.

"काय अकरा केबी?"

"राखणदार बारा केबीचा आहे."

मला कळायला क्षणभर लागलं. कळलं तेव्हा माझी नजर संगणकाच्या मागे गेली. राखणदाराची वायर टेबलावर सुटी पडली होती आणि तिच्या भोकात जॉयस्टिक लावलेली होती.

"तू राखणदार काढलास?"

"सुट्टीपुरता! सुट्टीत ड्रम बंदच असतात ना! सुट्टीत कोण शिरणार होतं?"

कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि ते कुंपण माझा नवरा होता. "बंद कर तो गेम! घाल राखणदाराला आत!" मी कीबोर्डकडे हात नेला.

"हात लावू नकोस!" तो असा किंचाळला की माझा हात हवेतच राहिला.

मग पडद्यावरून नजर न काढता त्याने जे सांगितलं ते तुटक तुटक होतं, मी नीट सांगते. सुट्टीनंतर ड्रम सुरू करायला विसरायला होऊ नये म्हणून त्याने स्वतःच एक सोय केली होती. गेम संपला की संगणक आपोआप लॉन्ड्रीचा प्रोग्राम चालू करतो. आणि लॉन्ड्रीचा प्रोग्राम चालू झाला की पहिलं काम काय करतो? अर्धवट राहिलेला ड्रम पुरा करतो. अर्धवट राहिलेला ड्रम तीन नंबरचा. आणि त्याचं दार उघडं आहे हे सांगायला आता कुणी नव्हतं.

"मग वायर उपट! संगणकच बंद कर!"

"संगणक मेला की ड्रम फिरतात. विसरलीस का?"

विसरले नव्हते, डोकं चालत नव्हतं. पूर्वी एकदा भर कामात संगणक बंद पडला, ड्रम थांबला आणि आतल्या तापलेल्या चादरींनी पेट घेतला. फिरत राहिलं तर कापड निवतं, थांबलं तर पेटतं. म्हणून त्यानंतर अशी जोडणी केली की संगणक गेला तरी ड्रम फिरतच राहावेत. तेव्हा आम्ही सगळ्यांनी मेकॅनिकची पाठ थोपटली होती.

"मेन स्विच?"

"खोलीला कुलूप आहे. किल्ली इलेक्ट्रिशियनकडे आणि तो जेवायला बाहेर गेलाय."

"तिथलं लाल बटण?"

"तेही या वायरीतच आहे गं!"

"मग गेम नुसता थांबवून ठेव ना! काहीतरी असेल की थांबवायचं!"

"नाही याला! या गेमला थांबवायची सोयच नाही!" तो रडकुंडीला आला होता.

म्हणजे होडी चालती आहे तोवर ड्रम उभा. होडी फुटली की ड्रम सुरू. आणि त्या ड्रममध्ये आमची टिल्लू. मी काचेवर मुठी आपटल्या, नरड्याची शीर तुटेपर्यंत ओरडले. पण खाली हवा ओढणाऱ्या पंख्यांची घरघर, त्यात ही बया कानात बोळे घालून काम करणारी. फोन तर कामावर सगळ्यांचेच कपाटात ठेवलेले असतात. लाल मोजे निवांत हलत होते. खरवडण्याचा जोर लागला की पायांची बोटं वळत होती.

"मी जाते," मी म्हटलं आणि दाराकडे वळले.

"तू? तू जिना उतरेपर्यंत..."

चढायला जेवढा वेळ लागतो त्याहून उतरायला मला जास्त लागतो.

"तू धर हे," तो म्हणाला. "मी पळतो."

"मी? अरे मला काय येतंय त्यातलं!"

"काही यायला नको. दांडा डावीकडे केला की होडी डावीकडे. खडकाकडे बघू नकोस, मोकळ्या पाण्याकडे बघ. ये, इकडे बस. माझ्या हातावर हात ठेव."

मी ठेवला. त्याचा हात गार पडला होता आणि घामाने निसरडा झाला होता. एक खडक गेला, दुसरा गेला, मग त्याने खालून आपला हात सोडवून घेतला. होडी डुगडुगली, पण तरली.

"आणि काय वाटेल ते होवो, काचेकडे बघू नकोस," दारातून तो म्हणाला. जिन्यावर त्याच्या बुटांचा धडधडाट झाला आणि मग पंख्यांच्या आवाजात काहीच ऐकू येईना.

मी आयुष्यात कधी गेम खेळले नाही. टेबलाच्या खणात नुसत्या पडून असलेल्या त्या दांड्याला मी वर्षानुवर्षं मुडदा म्हणत आले. आणि आता तोच मुडदा दोन्ही हातांनी धरून बसले होते. डावीकडे खडक, मी उजवीकडे. उजवीकडे खडक, मी डावीकडे. "ये, ये मेल्या," मी खडकांना म्हणत होते. "तू पण ये. सगळ्यांनी एकदमच या." तोंड बंद ठेवलं असतं तर मी रडले असते आणि रडले असते तर दिसलं नसतं. म्हणून शिव्या देत राहिले.

थोडं जमतंय असं वाटलं आणि नदीचा वेग वाढला. हे त्याने सांगितलंच नव्हतं. खडक आता जोडीजोडीने यायला लागले, मधली फट जेमतेम होडीएवढी. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पापणी मिटायची भीती वाटत होती. इतका वेळ झाला, मग अजून तो ओरडला का नाही? 'आली बाहेर' असं म्हणायला किती वेळ लागतो? पोचला असेल का? की पाय घसरून पडला?

मला टिल्लूवाचून करमत नाही, हे खरं सांगते. नणंद-भावजयीचं जगभर जे चालतं ते आमचंही चालतं. माझ्या कंगव्यात तिचे केस, माझ्या चपला तिच्या पायात. पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी अंथरुणात होते तेव्हा मला न्हाऊ घालणारी हीच. माझ्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून कपाळावर आडवा हात धरणारी. तो हात मला आठवला आणि मी काचेकडे बघितलं.

एकच क्षण बघितलं. नवरा ड्रमपाशी पोचला होता. त्याने बहिणीचे दोन्ही घोटे पकडले होते आणि ओढत होता. आणि ती बाहेर यायचं सोडून त्याला लाथा घालत होती! लहानपणापासून यांचा हा खेळ आहे. ही कुठे वाकलेली, शिरलेली दिसली की मागून जाऊन हिचे पाय ओढायचे. तिला वाटलं, दादा नेहमीसारखा चेष्टा करतोय. एक लाथ त्याच्या तोंडावर बसलेली मी पाहिली.

"अगं बाहेर ये गं सटवे!" मी किंचाळले आणि पडद्याकडे वळले तर खडक होडीच्या नाकाशी. दांडा मोडेल इतका उजवीकडे रेटला. होडी खडकाला घासून गेली, पांढऱ्यातला एक ठिपका उडाला, पण ती चालत राहिली.

परत बघायचं नाही असं ठरवलं. मोकळं पाणी, मोकळं पाणी, मोकळं पाणी. पण मोकळं पाणी उरलंच नव्हतं. वेग इतका वाढला की खडक दिसायचा तेव्हा तो आलेलाच असायचा. हाताला घाम, दांडा सटकतोय, पुसायला सवड नाही. नदी मधेच दुभंगली. दोन वाटा. डावी रुंद होती. मी डावीकडे घेतली आणि वळणावर समोर नुसती भिंत.

होडी फुटली.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, बहुतेक टिल्लूला हाक मारली असेल. डोळे गच्च मिटून ड्रमच्या आवाजाची वाट बघत राहिले. तीन नंबर सुरू होताना आधी पट्टा कण्हतो आणि मग ड्रम घुमायला लागतो. वरपर्यंत ऐकू येतो. पट्टा कण्हला नाही.

डोळे उघडले. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं होतं. खाली नावांची एक यादी, गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच भरलेली असावी, आणि सगळ्यात वर एक रिकामी ओळ. त्या ओळीत एक बारीक रेघ लुकलुकत होती. नवा विक्रम, नाव लिहा, इतकं इंग्रजी मला येतं. नवऱ्याने खेळलेलं आणि मी त्यात घातलेलं मिळून आम्ही सगळ्यांच्या वर गेलो होतो. आणि नाव लिहून होईपर्यंत गेम संपत नव्हता.

मी दांड्यावरचे हात असे काढले, जसा झोपलेल्या तान्ह्या मुलाखालून हात काढतात. कीबोर्डजवळचा डबा उचलून जमिनीवर ठेवला. खुर्ची मागे सरकवली. ती रेघ किती वेळ थांबणार? कंटाळून आपली आपण पुढे गेली तर? कुणाला विचारू? केबिनमध्ये मी एकटी.

आता काचेकडे बघायला हरकत नव्हती, आणि बघितलं ते न बघते तर बरं झालं असतं. ड्रममधून चार पाय बाहेर होते. दोन लाल मोजे आणि दोन बूट. नवराही कमरेपर्यंत आत शिरला होता.

म्हणजे ती अडकली होती. आतल्या एखाद्या स्क्रूत तिचे कपडे अडकले असणार. आणि आता दोघंही आत, नवरा आणि नणंद, माझं म्हणून जे काही आहे ते सगळं त्या लोखंडाच्या पोटात, आणि बाहेर मी आणि ती लुकलुकणारी रेघ. मी काचेकडे बघत होते, रेघेकडे बघत होते, परत काचेकडे. "थांब हं," मी रेघेला म्हणाले. "शहाणी ना तू. लिहिते हं नाव, लिहिते. जरा थांब." वेड लागलेल्या बाईसारखी मी संगणकाची समजूत घालत होते.

चार पाय हलत होते. बूट मागे सरकले, परत आत गेले. मग एकदम काहीतरी सुटलं आणि टिल्लू पाठीवर घसरत बाहेर आली. वरचा निळा डगला आतच राहिला होता, अंगात नुसता बनियन आणि खाली पायजमा. तिच्या मागून नवरा रांगत आला आणि तिथेच फरशीवर पालथा पडला. टिल्लू उठून बसली, कानातले बोळे काढले आणि त्याच्या पाठीत गुद्दे घालायला लागली. तो उठेना. मार खात पडून राहिला.

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसले आणि तोंडावर पदर घेऊन मोठ्याने रडले.

दोघं वर आली ती भांडतच. म्हणजे टिल्लू भांडत होती. "वहिनी, याला काहीतरी सांग गं! चाळिशी उलटली तरी याची चेष्टा संपत नाही. ओढ ओढ ओढलं, डगल्याचा बंद अडकला म्हणून सांगतेय तर आत शिरून डगलाच काढला माझा! बघ, कोपर सोलवटलं. आणि वर तोंडातून शब्द नाही."

नवऱ्याचा ओठ फुटला होता. तो माझ्याकडे बघेना. पडद्याकडे बघितलं, ती रिकामी ओळ बघितली आणि भिंतीला टेकला. मग बाही तोंडावरून फिरवून हळूच म्हणाला, "बरं झालं. आता आधी राखणदार परत घालतो. डगला नंतर काढू. खाली कुणाला काही बोलायला नको."

"कशाबद्दल?" टिल्लूने विचारलं.

"काही नाही गं." आणि मग मला, डोळ्यांनी विनवत, "काही झालं नाही ना? मग झालं तर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही झालं नाही! उद्या सुट्टीत दुसरा गेम येणार होता, त्याला अजून पाच केबी कमी पडणार होते, आणि हा माणूस यादी उघडून बसणार होता, मला माहीत होतं. आणि टिल्लू, जिला कळायला हवं, ती कोपरावर फुंकर घालत उभी.

मी काचेशी जाऊन नीट बघितलं. हॉलमध्ये कुणी नव्हतं. चारही ड्रमपाशी कुणी नव्हतं. मागच्या खोलीचं दार बंद होतं. तीन नंबरच्या उघड्या दारातून आत लटकलेला निळा डगला दिसत होता.

"टिल्लू, इकडे ये," मी म्हटलं. "इथे उभी राहा. बघ."

"नको," नवरा म्हणाला. त्याला कळलं होतं. "अगं नको ना. ऐक माझं."

मी कीबोर्डवर एंटर दाबलं. नाव काही लिहिलं नाही.

पडदा काळा झाला, मग लॉन्ड्रीचा प्रोग्राम आला. खाली पट्टा कण्हला. दार सताड उघडं असताना तीन नंबरचा ड्रम हलला, एक गचका दिला आणि फिरायला लागला. डगला वर गेला, वरून खाली आपटला, परत वर गेला. एक बाही दारातून बाहेर यायची आणि आत खेचली जायची. डगल्याच्या बंदाचं बकल लोखंडावर आपटत होतं, त्याचा ठण ठण आवाज पंख्यांच्या घरघरीतूनही वर ऐकू येत होता.

टिल्लू आधी हसली. "अगंबाई, दार उघडं आहे की!" मग काचेला हात टेकवले. "दादा, दार उघडं आहे," ती म्हणाली. "दादा, दार उघडं आहे रे." पुढच्या फेऱ्याला बाही खांद्यापासून फाटली आणि ड्रमभर फिरायला लागली.

"बंद कर," टिल्लू म्हणाली.

"होत नाही," नवरा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "राखणदार नसला की पुरं झाल्याशिवाय थांबत नाही."

"दादा, बंद कर!"

तो खाली बसला, डोकं गुडघ्यांत घालून, आणि परत म्हणाला, "होत नाही गं." ड्रमचं निम्मं काम बाकी होतं. मी टिल्लूला जवळ घेतलं. ती काचेवरून नजर काढेना, आणि ते पुरं होईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो.